लँडर क्रेनला टांगून काय कळतं?

परळकर७१: ‘चंद्रावर उतरायचा लँडर क्रेनला टांगा, हेलिकॉप्टरखाली बांधून फिरवा, सगळी सर्कस! कंप्युटरवर होतं की. तो पैसा मुंबईच्या खड्ड्यांत घाला.’ वसईरोड, तुमची कालची ही पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. अहो, २०१९ ला चांद्रयान-२ चा लँडर विक्रम का आपटला? इंजिनांनी हिशेबापेक्षा जास्त रेटा दिला, चुका साचत गेल्या, आणि उतरायला जागा ५०० बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ ला ती ४ बाय २.४ किलोमीटर केली, सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकलं तरी टिकतील असे पाय दिले, सेन्सर हेलिकॉप्टरने आणि इंजिनं क्रेनवर तपासली. २३ ऑगस्ट २०२३ ला टाळ्या तुम्हीही वाजवल्या असतील.

वसईरोड: वाजवल्या. पण इथलं गुरुत्व चंद्राच्या सहापट, वर हवा. टांगून चंद्र येतो का? आणि २०१९ च्या आधीही कर्नाटकात चळ्ळकेऱ्याला खोटी विवरं खणून सेन्सर तपासले होतेच. तरी आपटला. बोला.

गिरगाव_चौथा_मजला: कशी तपासता त्यावर आहे. आमची लिफ्ट रिकामीच वरखाली करून ‘ओके’ची सही झाली. गौरीविसर्जनाला सहा जण अडकलो, पाऊण तास! सासूबाईंच्या हातात खिरीचं पातेलं.

वसईरोड: ताई, चारच्या लिफ्टमध्ये सहा चढलात कशाला?

गिरगाव_चौथा_मजला: त्यातलं एक कडेवरचं पोर होतं! आणि चारची पाटी कधीच पुसली गेलीय. मेंटेनन्स मात्र एक तारखेला हवा.

भांडुपचा_भाडेकरू: मेंटेनन्सचं नाव काढू नका. आमचे सेक्रेटरी हिशेब मागितला की गावाला जातात.

गिरगाव_चौथा_मजला: आमचे गावालाही जात नाहीत. दारच उघडत नाहीत.

परळकर७१: धागा चंद्राचा आहे हो! पण ताईंचं खरंय. एप्रिल २०२३ ला जपानी लँडर हाकुतो-आर चंद्रावर उतरताना विवराच्या कडेवरून गेला, खालची जमीन एकदम खोल झाली, सॉफ्टवेअरला वाटलं सेन्सरच बिघडला. ५ किलोमीटर वर असताना स्वारी समजतेय की आपण टेकलो! इंधन संपलं आणि कोसळला. उतरायची जागा मागाहून बदलली होती, नव्या वाटेची कंप्युटरवरची तालीम कमी पडली.

वसईरोड: म्हणजे तालीम कंप्युटरवरच कमी पडली. माझाच मुद्दा! टांगून हे कळलं असतं?

परळकर७१: ...नसतं. घ्या, पेढे वाटा. पण पाय कंप्युटरवर आपटून बघता येत नाहीत.

वसईरोड: पायांपुरतं मान्य. खड्ड्यांचं नाही.

गिरगाव_चौथा_मजला: चालू द्या तुमचं. लिफ्टवाला आत्ता आलाय. तांदळाची पोती घालून तपास म्हटलं, तर हसतोय.