मळ्यातल्या काळ्या कुत्र्याचं पेस्टल चित्र करून घ्यायचंय, फोटो कसा काढू?

केळीवाला_चोपडा

चोपड्याजवळ आमचा केळीचा मळा आहे. तिथे आबांचा शेरू असतो. पूर्ण काळा, डाव्या कानाचं टोक कायम पडलेलं, आता तोंडाभोवती पांढरं व्हायला लागलंय. रात्रीच्या लाइटीला आबा पाणी भरायला जायचे तेव्हा तो बॅटरीच्या उजेडापुढे चालायचा. कुणी विचारलं तर आबा एवढंच सांगतात, "हाऊ मना राखणदार शे."

हल्ली गुडघ्यांमुळे आबांचं मळ्यात जाणं कमी झालंय. म्हणून शेरूचं मोठं चित्र करून घरी ओसरीत लावावं असं मनात आहे. आबांना आधी कळू द्यायचं नाही.

फोनमध्ये त्याचे ढीगभर फोटो आहेत, पण सगळ्यांत काळा गोळा आणि दोन हिरवे दिवे. एका चित्रकाराला दाखवले. तो म्हणाला, चित्र होईल, पण ते कुठल्याही काळ्या कुत्र्याचं होईल. ते मनाला लागलं. कॅमेरा भाड्याने आणू का?

भुसावळ_लोको

फोन पुरेसा आहे भाऊ. फ्लॅश बंद करा, हिरवे दिवे विझतील. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा थर असतो, त्याच्यामुळे होतं ते.

खडू_आणि_कागद

दादा, मी चाळीसगावची. पेस्टलमध्ये, म्हणजे रंगीत खडूंनी, जनावरांची चित्रं करते, बरीचशी लोकांनी पाठवलेल्या फोटोंवरूनच. तुमच्या चित्रकाराने खरं तेच सांगितलं. फोटोत जे नाही ते मी अंदाजाने भरते, आणि तो अंदाज माझ्या ओळखीच्या कुत्र्यांचा असतो, तुमच्या शेरूचा नाही.

पहिलं म्हणजे केळीत फोटो काढू नका. पानांतून येणारा उजेड हिरवट असतो आणि काळ्या केसांवर तो लगेच चढतो. निंबाखालीही नको, कवडसे पडतात आणि चेहऱ्याचे तुकडे होतात. मळ्यात खोली असेल ना? सकाळी आठ-नऊला तिच्या पश्चिमेच्या सावलीत त्याला बसवा, एक गाल भिंतीकडे आणि एक उघड्या आभाळाकडे. मग नाकाचा उंचवटा, भुवईचं हाड, गालाची खोबण सगळं वेगवेगळं दिसतं.

काळा रंग हा काळा नसतोच हो. सावलीत आभाळाकडच्या केसांवर निळसर झाक येते, उन्हाने जुने झालेले केस तांबूस दिसतात, कानाच्या आत जांभळट तपकिरी असतं. शेरूसारखं जनावर करताना मी आधी निळा, तपकिरी, जांभळा असे खडू वापरते आणि काळा सगळ्यात शेवटी उचलते, तोही नाकपुडी आणि बुबुळासाठी. हे रंग फोटोत यायला हवेत. त्यासाठी चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होईल. बाजूला छोटा सूर्य दिसतो, तो हळूहळू वर सरकवा. केसांची दिशा दिसायला लागली की थांबा. मागचं सगळं पांढरंफटक झालं तरी हरकत नाही, मागचं मी काढणारच नाहीये. पांढऱ्या गाईचा फोटो असेल तर उलटं, सूर्य खाली.

तुम्ही जमिनीवर बसा, लागलं तर पालथे पडा. उभ्याने काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. जवळ जाऊन काढला तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात. पाच-सहा हात लांबून, दोनपट झूम करून काढा. पोर्ट्रेट मोड बंद. तो मागचं धूसर करताना मिशा आणि कानाच्या कडा खातो, आणि शेरूची ओळख तर त्या पडलेल्या टोकातच आहे.

उजेडाचं हे सगळं बघायचं असेल तर कधी चाळीसगावला या. स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. ते चित्रकारही होते आणि छायाचित्रकारही, टेबलटॉप फोटोग्राफीसाठी, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून काढलेल्या फोटोंसाठी, जगभर नावाजलेले. घराला त्यांनी 'रेम्ब्राँट्स रिट्रीट' असं नाव दिलं होतं. रेम्ब्राँट या जुन्या डच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांत उजेड एकाच बाजूने येतो आणि चेहरा अंधारातून वर येतो. शेरूसाठी मला तसाच उजेड हवाय.

आता एक मागणी. आबांपासून लपवू नका. शेरू तुमच्याकडे बघतो ते वेगळं आणि आबांकडे बघतो ते वेगळं. ओसरीत बसून आबा ज्या नजरेकडे बघणार ती त्यांच्यासाठीची असायला हवी. त्यांना गाडीवर मळ्यात न्या, खाटेवर बसवा, आणि त्यांच्या गुडघ्याशी बसून फोटो काढा.

शहादा_घोडेवाला

ताईंचं एकदम बरोबर. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढतो मी. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात, पण कान पुढे उभे असतील तेव्हाच ती ऐट दिसते. मागे पडलेल्या कानांचा घोडा चित्रात रागावलेला वाटतो. पत्र्याच्या डब्यात ज्वारी हलवायची, लगेच कान पुढे. कुत्र्यासाठी कळण्याच्या भाकरीचा तुकडा फोनच्या वर धरा.

आबांना सांगायचंच नसेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून वाजवा ना. कुत्रा मान वाकडी करून बघतो, झकास फोटो येतो.

खडू_आणि_कागद

भाऊ, भाकरीची युक्ती चांगली, फक्त तुकडा दिल्यावर लगेच काढू नका, जीभ बाहेर असते. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं मला पटत नाही. आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, म्हणून कुत्रा शोधायला लागतो. तो चेहरा गोंडस दिसेल, पण त्यात हुरहुर असते. ती मी आबांच्या भिंतीवर लावायला देणार नाही.

केळीवाला_चोपडा

ताई, आबांना सांगितलं. आधी म्हणाले कशाला खर्च, मग स्वतःच लवकर तयार होऊन बसले. खोलीच्या सावलीत खाट टाकली, मी त्यांच्या पायाशी पालथा पडलो. शेरू आधी माझ्याच तोंडाला चाटायला आला. आबा हळूच "बस रे भो" म्हणाले, तेव्हा कुठे बसला.

धडाधड काढले, दोन बाजूला ठेवलेत. एकात तो समोर बघतोय, तोंड मिटलेलं, दोन्ही डोळ्यांत आभाळाचा ठिपका आहे. दुसऱ्यात मान थोडी वर आहे, आबांच्या तोंडाकडे बघतोय, पडलेला कान नीट दिसतो, पण ठिपका एकाच डोळ्यात आहे. आबांना दुसरा आवडला. गळ्यात सुतळीची दोरी आहे, ती चित्रात वाईट दिसेल का?

खडू_आणि_कागद

दुसराच घेऊ. भिंतीकडच्या डोळ्यात ठिपका नसणं हे त्या उजेडाला धरूनच आहे, मी तो डोळा तसाच गडद ठेवेन. पहिलाही पाठवा, बुबुळाचा रंग त्यातून घेईन. दोन्हींत उजेड एकाच बाजूचा आहे म्हणून हे जमतंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, बारीक केस सगळे पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा, फिल्टर न लावता. आणि कानाचा एक जवळून फोटो त्याच सावलीत, जमलं तर उद्याच.

दोरी राहू द्या. कोणी बांधली तेवढं आबांना विचारून ठेवा, गाठ नीट काढते.