मुक्त सॉफ्टवेअर: देणगी द्यायची की एएमसी करायची?

धागा
एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हे सुरक्षेतलं भगदाड उघडकीला आलं, तेव्हा ते ज्यात होतं त्या ओपनएसएसएलला (इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणारं मुक्त सॉफ्टवेअर) वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळायची आणि पूर्णवेळ माणूस होता एक. मार्च २०२४ मध्ये तेच एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं. थकलेल्या एकट्या मेंटेनरला (कोड सांभाळणाऱ्याला) 'मदत' करायला आलेल्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एकाला खटकलं, म्हणून निभावलं. ओपन सोर्स प्लेज ही मोहीम म्हणते तसे, हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांनी आपल्या दर प्रोग्रामरमागे वर्षाला २,००० डॉलर मेंटेनरना द्यावेत.

प्रतिसाद १: कुठल्या खात्यात टाकू?
पुण्यात नवख्या प्रोग्रामरला वर्षाला साडेतीन-चार लाख देणारी कंपनी माणशी पावणेदोन लाख देणगी देईल? खरेदी विभाग बिल पाहून पैसे सोडतो, कळकळ पाहून नाही. मग एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिलच पाठवा: सुरक्षेची दुरुस्ती ७२ तासांत, जुनी आवृत्ती दोन वर्षं चालू, अमुक रुपये. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब-कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं आहे. पैसा होस्टिंग आणि सपोर्टमधून येतो.

प्रतिसाद १.१: उदाहरण चुकलं
ईआरपीनेक्स्ट हिशेबनीस रोज उघडतो. एक्सझेड कोण उघडतं? ते दुसऱ्याच पॅकेजच्या पोटात असतं, त्याचं होस्टिंग विकणार कुणाला? शिवाय एकट्याने ७२ तासांची हमी लिहून दिली की गणपतीलाही लॅपटॉप सोबत. त्यापेक्षा झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचा मुक्त सॉफ्टवेअरसाठीचा फ्लॉस/फंड बरा: वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. किती हवेत, कशासाठी, हे प्रकल्पाने फंडिंग.जेसन नावाच्या फाइलमध्ये लिहायचं.

प्रतिसाद २: पैशाने घ्यायचं काय?
एक्सझेडचा चोरदरवाजा चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची खुली नोंद) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठी बांधलेलं गाठोडं) होती. नुसतं मानधन वाढवून ती सापडली नसती. दुसऱ्या तपासनिसाचे तास विकत घ्या. टारबॉल गिटशी जुळवणं हे त्याचं पहिलं काम. आणि परदेशी पैसे पाठवायचे तर सीएचा दाखला, समोरच्याचं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट... हौसेने कोड लिहिणारा ते आणेपर्यंत आपला मार्च उलटतो.

धागाकर्ता:
तपासनिसाचा मुद्दा मान्य. पण एक्सझेडला दुसरा माणूस फुकटच मिळाला होता, आणि चोरदरवाजा त्यानेच बसवला! २,००० जड वाटत असतील तर ५०० करा. आधी 'एनपीएम फंड' ही आज्ञा चालवून, आपण वापरतो त्यातली कुठली जावास्क्रिप्ट पॅकेजं पैसे मागतायत याची यादी काढा. सी लायब्रऱ्या त्यात येत नाहीत. त्या कंटेनर इमेजच्या (चालवायला तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या) एसबीओएममधून, म्हणजे आतल्या घटकांच्या यादीतून, शोधाव्या लागतील.