मदत हवी आहे: पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात, कॅमेऱ्याचं कुठलं सामान नेऊ आणि कुठलं घरी ठेवू?

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या पेठेतल्या तालमीच्या पोरांबरोबर पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला मीही निघालेय. जुलैचा दुसरा आठवडा, म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण "ताईकडं मोठा कॅमेरा हाय". गणपतीत मंडपाबाहेर मोहिमेच्या फोटोंचा फलक लावायचा आहे. मोबाइलवर भागवा, हा सल्ला कृपया नको. तो घरातून रोज मिळतोय.

माझ्याकडचं सामान असं: कॅनन २००डी, बॅटरी आणि कार्डासकट ४५३ ग्रॅम. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ एमएम लेन्स (२१५ ग्रॅम), वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी १०-१८ (२४० ग्रॅम), टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी ५५-२५० (३७५ ग्रॅम) आणि ५० एमएम एफ १.८ (१६० ग्रॅम). हे सगळं मिळून दीड किलोच्या आत बसतं. ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड मात्र एकटाच जवळजवळ तेवढा भरतो. त्यात पाणी, भडंग, कोरडे कपडे, अंथरूण-पांघरूण आलंच.

पन्हाळ्यापुढच्या मसाई पठारासाठी वाइड हवी असं वाटतं. चेहऱ्यांना ५० बरी. झेंडा घेऊन लांबवर चाललेली रांग टिपायची तर टेली. असं म्हणत म्हणत सगळंच पिशवीत जातंय. पहिल्या दिवशी पठार ओलांडून पुढच्या एखाद्या वाडीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी खिंड, असा बेत आहे. या वाटेनं पावसात कॅमेरा घेऊन गेलेल्यांनी सांगा, यातलं काय काढू?

*प्रतिसाद १*

ताई, मसाईवर लेन्स बदलायचा विचार आधी डोक्यातनं काढा. तिथं पाऊस वरनं पडत न्हाई, आडवा येतोय. छत्री उलटी होते, रेनकोटाच्या बाहीतनं पाणी आत शिरतं, आणि तुम्ही तिथं कॅमेऱ्याचं तोंड उघडणार? जी लेन्स घरात लावाल ती मुक्कामाला कोरड्या जागेत जाईपर्यंत काढायची न्हाई. म्हणजे पिशवीत काय हाय याला अर्थच उरत न्हाई, कॅमेऱ्यावर काय लावलंय तेवढंच खरं.

टेली बिनधास्त घरी ठेवा. ढग उतरला की पन्नास पावलांवरचा गडी दिसत न्हाई. २५० लावून तुम्ही फक्त धुकं जवळ आणणार.

ट्रायपॉड तर नकोच. पठारावर वारं त्याला उभा राहू देत न्हाई, आणि खोतवाडी, मंडलाईवाडीकडच्या चिखलाच्या वाटेवर रांग थांबत न्हाई. मागचा माणूस "चला ओ ताई" म्हणणार म्हणजे म्हणणारच. ओढ्याचा फोटो पायजे असला तर कॅमेरा दगडावर टेकवा. माझं मत १०-१८ ला. पठार आणि माणसं एकाच चौकटीत येत्यात.

*प्रतिसाद २*

वरच्या प्रतिसादातलं लेन्स न बदलण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. १०-१८ बद्दल मात्र मी उलटं सांगेन.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान, क्रॉप १.६ आहे, म्हणजे १०-१८ ही लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबानं साधारण १६-२९ झाली. इतक्या वाइड लेन्सची अडचण अशी की काचेवर बसलेला थेंब फोटोत स्पष्ट डाग होऊन उतरतो. शिवाय हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं कडं, उथळ असल्यामुळे समोरच्या काचेला आडोसा कमी. स्वच्छ हवेत मीही हीच लेन्स नेईन, कारण पठार आणि आभाळ दोन्ही पसरलेली दिसतात. धुक्यात मात्र मागे काहीच नसतं, फक्त पांढरं. तेव्हा फोटो माणसांचाच होणार: इरलं पांघरलेली म्हातारी, कोपरापर्यंत चिखल लागलेली पोरं. त्यासाठी १८-५५ पुरते. ५० चांगली आहे, पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० सारखी वागते. अरुंद पायवाटेवर मागे सरकायला जागा नसेल तर अर्धाच माणूस चौकटीत मावेल.

दोन गोष्टी सेटिंगच्या. धुक्याचा पांढरेपणा पाहून कॅमेरा फोटो काळपट करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळपट करायचं सेटिंग) अधिक २/३ ते अधिक १ ठेवा. आणि ऑटोफोकस नुसत्या धुक्यावर भिरभिरत राहतो, तेव्हा मधला पॉइंट निवडून झेंड्याच्या काठीवर किंवा टोपीच्या कडेवर धरा. पावसाच्या रेघा दिसायला हव्या असतील तर शटर १/६० सेकंदाच्या आसपास आणि मागे गडद झाडी. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा, फलकावरच्या छपाईत तेवढे दाणे खपून जातात.

*धागालेखिका*

दोघांचेही आभार. टेली आणि ट्रायपॉड बाद. आता नवीन शंका: वेदर सीलिंगवाला (सांध्यांत पाणी अडवणारं रबर असलेला) कॅमेरा दोन दिवस भाड्यानं घेतला आणि त्यावर माझीच १८-५५ लावली तर?

*प्रतिसाद ३*

मी कॅमेरे दुरुस्त करतो, पावसाळा आमचा सीझन. त्यामुळे माझ्या धंद्याविरुद्ध सांगतोय असं समजा.

सीलिंग असलेल्या कॅमेऱ्यावर सीलिंग नसलेली लेन्स लावली तर पैसे वाया. पाणी माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसते तिथल्या, फटीतून जातं, आणि १८-५५ ला तिथं रबर नाही. भाड्यानं घ्यायचंच तर सीलिंगवाल्या कॅमेरा-लेन्सची जोडी घ्या. कॅननची जुनी १७-४० एफ ४ एल लेन्स अजून पुष्कळांकडे असते, फक्त तिचं सीलिंग पुढं फिल्टर लावल्यावरच पुरं होतं, हे भाड्यानं देणारा सांगेलच असं नाही. आणि सीलिंग म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. भुरभुर सोसेल, मसाईवरचा पाऊस तासन्‌तास सोसेल याची खात्री मी देणार नाही. पडला, भिजला तर भरपाई कुणाची, हे आधी लिहून घ्या.

माझं ऐकाल तर स्वतःचाच कॅमेरा न्या आणि झाकण नीट करा. कॅमेरा आणि हात सैल मावेल एवढी प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन वाळवायची, तळाला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडायचं आणि हूडच्या मागं रबरबँडनं आवळायची. हूड बाहेर, बाकी सगळं आत. मागच्या उघड्या बाजूनं हात घालायचा. दिसायला कळकट, पण गिऱ्हाइकांना विकत मिळणाऱ्या कव्हरपेक्षा ही आवडलेली पाहिलीय. एखादी जादा ठेवा, फाटते.

झूम करताना १८-५५ चं नळकांडं पुढं सरकतं आणि बाहेरची दमट हवा आत ओढतं. म्हणून पठारावर सारखं आतबाहेर करू नका. २४ च्या आसपास ठेवून पायानं पुढंमागं व्हा.

पुसायला मायक्रोफायबर एकदा भिजला की नुसतं पाणी पसरवतो. जुन्या मऊ सुती धोतराचे तुकडे करून वेगवेगळ्या खिशांत ठेवा. पुढं साधा यूव्ही फिल्टर असू द्या, म्हणजे पुसताना जीव धसकत नाही. आणि भिजला तर तांदळाच्या डब्यात घालू नका! पिठूळ कण बटणांच्या फटीत जातात, ते काढायला पुन्हा माझ्याकडेच यावं लागतं. बॅटरी लगेच काढायची, बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचा आणि चालू करून बघायचा मोह आवरायचा. मोहिमेनंतरही काही दिवस डब्यातच राहू दे. आपल्याकडची जुलै-ऑगस्टची हवा लेन्सला बुरशी आणायला पुरेशी आहे.

*धागालेखिका*

भाड्याचं रद्द. १८-५५ लावूनच निघते, ५० एमएम डब्यात बंद, मुक्कामाच्या अंधाऱ्या खोलीतल्या चेहऱ्यांसाठी. १०-१८ बद्दल अजून जीव तुटतोय, पण ठेवते घरीच.

मुक्कामात चार्जिंग होईल का? आणि ओला कॅमेरा रात्री कुठं वाळवू?

*प्रतिसाद ४*

आमचं गाव याच वाटेवर आहे, मोहिमेची माणसं दरवर्षी आमच्याकडे उतरतात. ताई, लाइटीचा भरवसा धरू नका. पावसात गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि आली तर एका बोर्डावर वीस मोबाइल लटकलेले असतात. जादा बॅटरी भरूनच आणा.

चुलीपाशी कॅमेरा अजिबात ठेवू नका. सगळ्यांचे ओले कपडे तिथंच वाळत असतात, खोलीभर वाफ असते. बाहेरून गार झालेला कॅमेरा तिथं उघडला की काच आतूनबाहेरून धुरकटते. घरात शिरायच्या आधी सोप्यातच पुसून, पिशवीत घालून तोंड बांधा आणि जेवणं होईपर्यंत तशीच राहू द्या. पिशवी गरम झाली की मग उघडा. सकाळी निघताना उलटं, काही अडचण नाही.

पुढं पांढरपाणी गावाहून खिंडीत उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. गळ्यात लोंबता कॅमेरा दगडावर आपटतो, तो रेनकोटाच्या आत छातीशी बांधून घ्या. आणि फोटोसाठी गुडघ्यावर बसलात तर उठल्यावर पाय बघा, जळवा असतात. मीठ माझ्या घरून न्या.

*धागालेखिका*

मीठ नक्की नेणार. १०-१८ आणि टेली घेऊन मी सप्टेंबरात मसाईवर फुलांसाठी परत येतेय, तेव्हा त्याचा वेगळा धागा काढीन.