सारखे वाटणारे इंग्रजी शब्द आणि उडालेले गोंधळ: तुमचे अनुभव येऊ द्या

डब्यातली_पोळी: भाचीचा लीड्सहून फोन. "आत्या, उद्या सर्जरीला जायचंय." फोन स्पीकरवर. आईने ऐकलं आणि देव पाण्यात घालायलाच निघाली. पोरीला नुसता खोकला! तिकडे साध्या डॉक्टरच्या दवाखान्यालाही सर्जरी म्हणतात. त्यावरून बाबा आठवले. एलआयसीचे एजंट. कुणी 'लाइफ इन्शुअरन्स' म्हटलं की हातातला कप खाली ठेवायचे. "गाडीचा इन्शुअरन्स, कारण अपघात होईल किंवा होणार नाही. मरण ठरलेलंच, म्हणून आयुष्याचं ॲश्युअरन्स." मी विचारायचे, मग कॉर्पोरेशनच्या नावात इन्शुअरन्स कसं? "१९५६ साली त्यांनी मला विचारलं नाही. पॉलिसी उघडून बघ, सम ॲश्युअर्डच छापलंय." आणि खरंच तसंच छापलेलं असतं. तुमच्याकडचे किस्से लिहा.

तिखट_शेव: बाबा भारी 😂 एजंट म्हणजे असाच हवा.

चाळीतला_जिना: आमच्या काकूंना हायपोथायरॉइड. रिपोर्टात टीएसएच वाढलेलं, म्हणून घरभर 'हायपर' झालं. पुतण्याने हायपरचं पथ्य व्हॉट्सॲपवर पाठवलं, काकू महिनाभर ते पाळत बसल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समजावलं की तुमची ग्रंथी आळशी झालीय, म्हणून मेंदूकडून 'काम कर, काम कर' असे निरोप जास्त येतात, टीएसएच म्हणजे ते निरोप. ग्रंथी कमी, निरोप जास्त. काकू म्हणाल्या, अगदी आमच्या ह्यांच्यासारखं.

लेकुरवाळी: न्यू जर्सीत नवऱ्याला कॉर्नफ्लोअर आणायला पाठवलं. पाकिटावर कॉर्न फ्लोअर लिहिलेलंच आणलं, त्याची काय चूक! पिवळं, मक्याचं पीठ. आपलं पांढरं असतं त्याला तिथे कॉर्नस्टार्च म्हणतात. मंचुरियनच्या ग्रेव्हीचं पिठलं झालं. पाहुण्यांनी भाताबरोबर मिटक्या मारत खाल्लं ही गोष्ट वेगळी.

तिखट_शेव: @लेकुरवाळी मंचुरियनसाठी कोबी पिळून घ्यायचा का? माझे गोळे तेलात फुटतात.

रात्रपाळी: रसायनीला केमिकल कंपनीत होतो. नवीन पोरगा ड्रमाला टेकून बिडी काढतोय, ड्रमावर लाल अक्षरात इन्फ्लॅमेबल. म्हणे, "साहेब, इन लावलंय ना पुढे, म्हणजे पेटत नाही. इनकरेक्ट, इनकम्प्लीट तसं." तर्क बघा पोराचा! फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल दोन्ही ज्वालाग्राहीच. तो इन नकाराचा नाही, इन्फ्लेमचा आहे. अमेरिकेत अग्निसुरक्षावाले १९२० च्या दशकापासून फ्लॅमेबलच लिहा म्हणून मागे लागले होते ते याच भीतीने. आपल्याकडे हायवेवर अजून दोन्ही पाट्यांचे टँकर दिसतात. मी तर म्हणतो सरळ मराठीत 'पेटेल' लिहा.

चाळीतला_जिना: बिडीचं काय झालं पुढे?

रात्रपाळी: सुपरवायझरने पोराला गेटबाहेर काढलं. बिडी शिलगवलीच नव्हती, म्हणून आज टंकतोय.

मीटिंगग्रस्त: आमच्या कॉलवर लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही. लंडनवाली म्हणाली, लेट्स टेबल इट. ती फाइल उघडून बसली, न्यूयॉर्कवाला पुढच्या विषयावर. ब्रिटिशांत टेबल म्हणजे विषय चर्चेला घ्या, अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवा. चर्चिलनेही दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत याच शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा लांबलचक वाद झाल्याचं लिहिलंय. त्यांचं युद्ध होतं, आमचं तिमाही बजेट. पुण्याची टीम म्यूटवर हसत होती. बॉस आला, पळतो.

डब्यातली_पोळी: हाहा, म्यूटवर हसणं हे खरं कौशल्य. @रात्रपाळी अंगावर काटा आला हो.

खिडकीची_सीट: विषयाला सोडून, पण लीड्सला दगडफूल कुठे मिळतं का? भावाला गोडा मसाला करायचाय.

डब्यातली_पोळी: भाचीला विचारून सांगते. ती तयारच नेते, तिच्या पिढीला कोण भाजत बसायला सांगणार.

लेकुरवाळी: @तिखट_शेव हो, कोबी किसून मीठ लावून ठेव आणि अगदी घट्ट पीळ. ते पाणी टाकू नकोस, ग्रेव्हीत घाल, पण मग मीठ बेतानेच. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, बाकी रात्री.