मन पार थकून गेलं, मग उभारी कशी आली? आपापले अनुभव लिहा

टिळकवाडी, बेळगाव
वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याला बराच काळ लोटला. रात्री त्यांची कूस बदलायला उठायचं, सकाळी हातपाय हलवून घ्यायचे, मग नोकरी. सुरुवातीला अंगात जोर होता. पुढं पुढं झोप झाली तरी शीण जाईना. कुणी चौकशी केली तरी राग यायचा. शेवटी आईनंच धाकट्या भावाला फोन लावून सांगितलं, 'रविवार तुझा.' तेव्हापासून रविवारी सकाळी मी किल्ला तलावाला चालून येतो, कधी कपिलेश्वरला जाऊन नुसता बसतो. उत्साह लगेच आला नाही, पण शनिवारी रात्री उद्याचा विचार केला की बरं वाटायला लागलं. एवढीशी आशासुद्धा मला फार मोठी वाटली, म्हणून विचारतोय. आपल्या भागातल्यांनी लिहा. उपदेश नको, घडलं ते सांगा.

येळ्ळूर
बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळं आमच्याकडच्या पोरांच्या डोक्यात लहानपणापासून भरतीच. मी पहाटे राजहंसगडाच्या चढावर पळायचो. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत यायला लागलं आणि कोरोनात भरती बंद पडली. 2022 ला अग्निपथ आली तोवर माझं वय उलटलं होतं. बूट माळ्यावर टाकले. 'सध्या काय करायलास?' असं कुणी विचारेल म्हणून वाट बदलून जायचो.

मग गल्लीतली पोरं दारात आली. 'आण्णा, पळू नको, नुसतं घड्याळ तरी धर की.' गेलो. एक पोरगं पहिल्याच फेरीत सगळा दम घालवत होतं, ते बघवेना, म्हणून त्याच्या बाजूनं पळत पळत सांगायला लागलो. आता दिवसा दुकानात काम करतो आणि पहाटे पोरांना पळवतो. दुःख आहेच. वर्दीतला पोरगा दिसला की अजून पोटात तुटतं. पण पहाटे हाक मारायला कुणीतरी येतं, त्यामुळं उठणं होतं.

वडगाव
आमचा मागाचा धंदा. साडीला उठाव नाही, सूत महाग, डोक्यावर कर्ज. माग बंद ठेवून मी आत पडून असायचो. बायको मात्र रोज सुताच्या कांड्या भरत बसायची. बंद मागाला कांड्या कशाला, म्हणून एकदा तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, 'चालू झाला तर लागतील की.' सगळं सुरळीत झालंय असं नाही. पण माग चालू आहे.

चिकोडी तालुका, कृष्णाकाठ
2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं कल्लोळ-येडूरचा बंधारा, रस्ते, ऊस, सगळं पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर घरात आलो तर कणगीतला जोंधळा फुगून कुजलेला, त्याचा आंबूस वास कितीतरी दिवस नाकातून गेला नाही. तरी त्या वर्षी सगळे रडलो, भांडलो, घर पुन्हा उभं केलं. 2021 च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा मात्र मला काहीच वाटलं नाही. ना रडू, ना भीती. ते जास्त वाईट होतं. भेटायला येणारी माणसं 'खचू नका' म्हणायची, त्यानं उलट एकटं वाटायचं.

जाऊबाई शहाणी. ती म्हणाली, 'आक्का, घराकडं बघू नको. आज चुलीपुरतंच सारवूया.' तेवढंच केलं. म्हैस होती, तिची दोन वेळा धार काढावीच लागायची, तेही बरं झालं. रडू आलं ते दिवाळीच्या सुमारास, करंज्या करताना. त्या दिवशी मला मोकळं वाटलं.

निपाणी
आई विड्या वळते. बाबा गेल्यावर ती शेजारच्या सोप्यात बसायला जाईना. मग बायकाच आपापली सुपं घेऊन आमच्या सोप्यात आल्या. तिला कुणी काही विचारलं नाही, त्यांचं बोलणं चालूच राहिलं. आईनं एक पान कापलं, तंबाखू घातला, वळलं आणि ठेवून दिलं. त्या दिवशी तेवढंच.

खानापूर तालुका, आशा कार्यकर्ती
सगळ्यांचं वाचून डोळे भरून आले. पण माझ्या कामात दिसतं ते लिहिते. शीण जात नसेल तर आधी रक्त तपासा. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडला, बी 12 कमी पडलं, तरी माणूस असाच गळून जातो. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास, झोप उडालेली, कशातच गोडी नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे फार बघितलेत. त्या स्वतःच्या मनानं बंद करू नयेत.

आपल्याकडं आणखी एक अडचण. व्यवहाराचं कन्नड सगळ्यांना येतं, पण दवाखान्यात कन्नडात मनातलं सांगायला बसलं की शब्द अडतात, आणि मग माणूस 'डोकं दुखतंय' एवढंच सांगून परत येतो. टेलिमानस 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन फुकट आणि चोवीस तास आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. जगणंच नको असे विचार येत असतील तर वाट बघू नका, लगेच फोन करा, घरच्यांनीही त्या माणसाला एकटं ठेवू नये.

नंदगड
मला अजून उभारी आलेली नाही. शाळेत शिकवतो, वर्गात कसाबसा उभा राहतो, घरी आलो की दार लावून घेतो. जीव द्यावा असं वाटत नाही, पण कशाचंच काही वाटत नाही. ताई, तुम्ही लिहिलंय ते सगळं मला लागू आहे. दवाखान्यात नेमकं कुणाकडं जायचं?

खानापूर तालुका, आशा कार्यकर्ती
सर, लिहिलंत हे फार बरं केलं. मनोचैतन्य योजनेत मानसोपचाराचे डॉक्टर मंगळवारी तालुका दवाखान्यात येतात. आपला मंगळवार कोणता ते मी उद्या विचारून कळवते. तोवर रक्त तपासून घ्या, कागद सोबत आणा. कन्नडात अडलं तर मी आहे शेजारी. घरातलं कुणी येणार असेल तर त्यांनाही घेऊन या.