३०० ओहमचा हेडफोन फोनला पेलतो का? खिशातल्या ॲम्पबद्दल मतं हवीत

वारजेकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत मोठ्या भावाने त्याचा सेनहायझर एचडी ६०० मला देऊन टाकला. घरात दोन लहान मुलं आहेत, त्यामुळे गाणं ऐकायचं ते रात्री साडेदहानंतर, स्वयंपाकघरात ओट्यापाशी खुर्ची टाकून. मोठा ॲम्प (आवाजाला जोर देणारं यंत्र) मांडायला जागा नाही. खिशात मावेल असाच हवा. बजेट दहा हजार.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे खोडणाऱ्यांना सोपं जाईल. ३०० ओहमचा, म्हणजे विजेला जास्त रोध करणारा हेडफोन फोनच्या डोंगलला (फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावून हेडफोन जोडायच्या छोट्या वायरला) लावणं म्हणजे चांगला तंबोरा आणून तो न जुळवता छेडत बसणं. भावाकडे टेबलावरच्या ॲम्पवर मल्लिकार्जुन मन्सूरांच्या एका जुन्या मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपसूक उमटतो, तो तिथे अगदी स्वच्छ ऐकू येत होता. घरी तीच फाइल, तोच हेडफोन, डोंगलचा आवाज शेवटपर्यंत नेला तरी तो गंधार सापडत नाही. सिनेमातली गाणी मात्र पुरेशी मोठी वाजतात.

ॲम्प घ्यायचं जवळपास ठरलंय. कुणाचा विरोध असेल तर कारणासकट सांगा.

जवारी

माझा विरोध आहे. नुसता ओहमचा आकडा बघून घाबरू नका.

३०० ओहमला १ व्होल्ट दिला की जेमतेम ३.३ मिलिवॅट जातात. पण हेडफोनला लागतंच किती? एचडी ६०० साठी ९७ डेसिबल हा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो त्याचा आकडा दिला जातो. तो १ व्होल्टला धरा, शिखर (सगळ्यात मोठा आवाज) ९७ ला जातं. १ मिलिवॅटला धरा, मग तोच १ व्होल्ट १०२ पर्यंत नेतो. (हा फरक प्रत्येकाने तपासावा. ३०० ओहमला तो ५ डेसिबलचा आहे, ३२ ओहमच्या हेडफोनला १५ चा. बॉक्सवरचा आकडा मिलिवॅटचा की व्होल्टचा हे न बघता दोन हेडफोनची तुलना केली की हमखास चूक होते.) रात्री घरात बसून ऐकायला एवढं भरपूर झालं.

उलट उदाहरण देतो. हायफायमॅनचा एचई४००एसई ३२ ओहमच्या आसपासचा आहे, म्हणून लोक तो सोपा समजतात. त्याची सेन्सिटिव्हिटी ९१. त्याला करंट लागतो आणि तिथे साधे डोंगल खरोखर धापा टाकतात.

डोंगल कुठला आहे तेही सांगा. ॲपलचा युरोपात विकला जाणारा डोंगल अर्ध्या व्होल्टचा आणि अमेरिकेतला १ व्होल्टचा असतो. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो पूर्ण आवाजाला पोचतच नाही. दहा हजार मोजण्याआधी हे बघून घ्या.

सोल्डर

जवारी, गणित बरोबर आहे, पण ते अर्धंच मांडलंत. तुमचा १ व्होल्ट कधी मिळतो? फाइलमधला आवाज शून्य डेसिबलला, म्हणजे डिजिटल फाइलच्या कमाल पातळीला टेकला तर. सिनेमातली गाणी टेकतात, कारण ती तशीच मास्टर केलेली असतात. खासगी मैफलींची जुनी रेकॉर्डिंग बऱ्याचदा उणे १० किंवा उणे १२ च्या पुढे जात नाहीत. उणे १२ म्हणजे एक चतुर्थांश व्होल्टेज. तुमचं ९७ चं शिखर तिथे ८५ वर आलं. गायनाची सरासरी त्याच्याखाली पंधरा-वीस, आणि तंबोरा त्याच्याही खाली. वारजेकरांना गंधार सापडत नाही याचं कारण हे आहे.

मी १५ वर्षांपूर्वी पहिला ॲम्प हाताने बनवला. चू मॉय यांचं सर्किट, म्हणजे लोक ज्याला सीमॉय म्हणतात तो. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दुपारभर फिरून सामान गोळा केलं. ओपीए२१३४ ही आयसी तिसऱ्या दुकानात मिळाली. तिथल्या काकांनी ती काळ्या फोममध्ये टोचून, वर कागद गुंडाळून दिली आणि बजावलं, "पायांना बोट लावू नकोस." एक ९ व्होल्टची बॅटरी, पेपरमिंटची डबी, आवाजाचं पोटेन्शिओमीटर. चालू केला तेव्हा एका कानात आवाज येईना. भिंगाखाली पाहिलं तर एक जोड नुसता कथलाने झाकलेला होता, आतून चिकटलाच नव्हता. तो पुन्हा गरम केला आणि दोन्ही कान उघडले. त्या रात्री ऐकलेला यमन अजून आठवतो.

पुढे ओ-टू बनवला. एन-डब्ल्यू-ए-व्ही-गाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाने २०११ मध्ये त्याचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा रोध) अर्धा ओहम. आजही त्यावरच ऐकतो. खिसा थोडा फुगतो, पण जोर कमी पडलाय असं कधी झालं नाही. वारजेकर, ॲम्प घ्याच.

मुकुंदनगर

दोघांचं वाचलं. माझा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. भावाकडचा ॲम्प आणि घरचा डोंगल यांची तुलना समान आवाजावर झालेलीच नाही. एक डेसिबल जरी मोठं असलं तरी कानाला ते जास्त मोठं न वाटता जास्त चांगलं वाटतं. अधिक भरीव, अधिक स्पष्ट. दुकानात ॲम्प ऐकून विकत घेणारे बहुतेक जण याच फरकाचे पैसे देतात.

आम्ही घरी हे करून पाहिलं. धाकट्या भावाकडे मल्टिमीटर होता. ४०० हर्ट्झचा सूर वाजवत ठेवला, हेडफोन लावलेला असतानाच जॅकवरचं एसी व्होल्टेज मोजलं आणि डोंगल व त्याचा महागडा ॲम्प दोन्ही ०.२०० व्होल्टला आणून ठेवले. मी पाठ करून बसले, त्याने नाणं उडवून वायर बदलली. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं, म्हणजे निव्वळ अंदाजाने जितकं येईल तितकंच. मग त्याने मला बसवलं तिथेच स्वतः बसून ऐकलं. त्याला पाच आले. तो ॲम्प त्याने दोन महिने पगारातून बाजूला काढून घेतला होता. त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं.

आणि कानांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा हिशोब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल असा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. "जोर कमी पडत नाही" हे सोल्डर अभिमानाने सांगतात, मला त्याची काळजी वाटते.

सोल्डर

ताई, जोर असणं आणि मोठ्याने ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोर लागतो तो शांत रेकॉर्डिंग नेहमीच्या पातळीला आणायला. मी स्वतः हळूच ऐकतो. तुमची मल्टिमीटरची पद्धत मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि जो कुणी ॲम्प विकत घेईल त्याने ती वापरावीच. पण ०.२ व्होल्टला दोन्ही सारखे निघणारच. प्रश्न डोंगल जिथे संपतो त्याच्या पुढचा आहे.

रामवाडी लोकल

मी रोज मेट्रोने वनाझ ते रामवाडी जातो आणि कानात इअरफोन असतात. इथे सगळे ताकदीबद्दल बोलताहेत. माझा अनुभव उलटा. भारी ताकदीचा पोर्टेबल ॲम्प घेतला, तर संवेदनशील इअरफोनमध्ये गाणं थांबल्यावरही सतत सूंऽऽ आवाज. आवाजाचं बटण एक घर पुढे केलं की एकदम मोठं. वर आउटपुट इम्पिडन्स जास्त, त्यामुळे बहु-ड्रायव्हर (एका कानात अनेक छोटे स्पीकर असलेल्या) इअरफोनचा सूरच बदलला, वरचे स्वर पातळ झाले. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून ॲम्पचा इम्पिडन्स कमी हवा, हा नियम मला नंतर कळला. १६ ओहमच्या इअरफोनला म्हणजे २ च्या खाली. आता साधा डोंगल वापरतो, सुखात आहे. वारजेकर, प्रवासातही हाच ॲम्प वापरणार असाल तर लो गेन (कमी जोराची सोय) आहे का हे आधी बघा. आणि एचडी ६०० मेट्रोत नेऊ नका. तो उघड्या पाठीचा आहे, डब्यातलं सगळं आत येईल.

पाचवा माळा

ॲम्पपेक्षा इक्वलायझरवर, म्हणजे आवाजातले ठरावीक भाग कमी-जास्त करायच्या सोयीवर खर्च करा असं मी म्हणेन. मी क्युडेलिक्स ५के वापरतो. काडेपेटीएवढा आहे, ब्लूटूथ किंवा वायर दोन्हीवर चालतो, साध्या जॅकवर २ व्होल्ट आणि बॅलन्स्डवर (दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जॅकवर) ४ व्होल्ट देतो. पण खरी गंमत त्याच्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये आहे. एचडी ६०० मध्ये खालचे स्वर कमी होत जातात. काळी एकचा तंबोरा असेल तर खर्जाची तार ६९ हर्ट्झला येते. तिथे चार-पाच डेसिबल वाढवा, तंबोरा खोलीत येऊन बसतो. तेवढं वाढवायचं तर एकूण पातळी तितकीच खाली घ्यावी लागते, आणि म्हणून २ किंवा ४ व्होल्टचा उपयोग होतो.

सोल्डर

इथे मी तुमच्या विरोधात. गवयाने जो आवाज लावला, रेकॉर्डिंग करणाऱ्याने जो पकडला, त्यात आपण कोण फेरफार करणारे?

पाचवा माळा

रेकॉर्डिंग करणाऱ्याने काय पकडलं हे एचडी ६०० तरी जसंच्या तसं कुठे सांगतो? प्रत्येक हेडफोन स्वतःचा फेरफार करतोच. मी तो कमी करतोय.

जवारी

वादात एक गोष्ट राहून गेली. वारजेकरांना हवाय तो गंधार म्हणजे खर्जाचा पाचवा हार्मोनिक. ६९ चा पाच पट, सुमारे ३४६ हर्ट्झ. तिथे एचडी ६०० मुळीच कमी पडत नाही, इक्वलायझर लागत नाही. मग तो जातो कुठे? वारजेकर, तुम्ही म्हणालात स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसता. फ्रिज किती लांब आहे? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॉम्प्रेसरची घरघर १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत येते. २००, ३००, ४००. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये ती थेट आत येते आणि नेमकं तेच झाकते.

वारजेकर

फ्रिज हाताच्या अंतरावर आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वारजेकर (चार दिवसांनी)

सोल्डर यांनी मोठ्या मनाने ओ-टू दोन दिवसांसाठी दिला. शनिवारी रात्री बायकोला मल्टिमीटर धरायला लावला आणि मुकुंदनगर यांच्या पद्धतीने ऐकलं.

आधी फ्रिज चालू ठेवून. डोंगल काय, ओ-टू काय, समान आवाजाला गंधार दोन्हीत धूसर. मग स्विच बंद केला. पंख्याचाही. मिनिटभर नुसतं बसलो. खालून एक रिक्षा गेली, मग तीही नाही. मन्सूरांची तीच फाइल डोंगलवर लावली. सुरुवातीला फक्त षड्ज आणि पंचम. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात खर्जाची तार छेडली जाऊन विरत असताना तिच्या पोटातून गंधार वर आला, बारीक, पण अगदी तोच. मी बायकोच्या कानाला हेडफोन लावला. ती म्हणाली, "हो, कुणीतरी लांबून गातंय."

म्हणजे जवारी आणि मुकुंदनगर बरोबर होते. आवाज सारखा ठेवला तर मला दोघांत फरक सांगता आला नाही.

पण सोल्डरही चूक नाहीत. माझ्याकडच्या मैफलींपैकी तीन रेकॉर्डिंग इतकी हळू आहेत की डोंगल शेवटच्या घरावर आणि तरी गवई दुसऱ्या खोलीत. तीच ओ-टूवर आरामात जवळ आली. या तिन्हीसाठी मला २ व्होल्टच्या पुढचं काहीतरी हवं आहे. पाचवा माळा, तुमच्या यंत्राच्या बॅलन्स्ड भोकाला एचडी ६०० ची मूळ वायर चालत नाही ना? वेगळी वायर दहा हजारात बसते का, एवढं सांगा.

मुकुंदनगर

वायर घ्यायच्या आधी त्या तीन फाइल संगणकावर १० डेसिबलने वाढवून बघा. शिखराला जागा मोकळी असेल तर आवाज फाटणार नाही आणि पैसेही वाचतील.

सोल्डर

फाइल वाढवली की रेकॉर्डिंगमधली खरखरही वाढते, ताई.

मुकुंदनगर

ॲम्पने वाढवली तरी तितकीच वाढते. दहा डेसिबल ते दहा डेसिबलच.

सोल्डर

हे खरं आहे. वारजेकर, आधी तेच करा. ओ-टू पुढच्या रविवारपर्यंत राहू दे तुमच्याकडे.