डुक्कर फियाट घ्यावी की पद्मिनी?

ए-३०४: नमस्कार मंडळी, बडोद्याच्या रावपुऱ्यात ओळखीच्यांकडे १९५६ ची डुक्कर फियाट, म्हणजे ती जुनी गोलमटोल फियाट ११००, विकायची आहे आणि वाघोडिया रोडला एक १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. दोन्ही घ्यायची ऐपत नाही, कोणती घेऊ? आईला रविवारी पावागडला न्यायचं मनात आहे

डी-४०३: डुक्करच घे रे, पद्मिनी म्हणजे टॅक्सी

सी-१०१ काका: टॅक्सी म्हणून हिणवू नका हो, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी बंद झाली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. आणि दोघी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्याच, इंजिन दोघींचं १०८९ सीसी, सख्ख्या बहिणीच समज. डुक्कर इटलीत १९५३ ला आली, पुढचे दरवाजे उलटे उघडतात, बिजागरी मागे, ते गोल गोल अंग बघून मी अजूनही रस्त्यात थांबतो. पद्मिनी म्हणजे १९६४ ची फियाट डिलाइट, नाव १९७४ ला बदललं आणि पुढे पंचवीसेक वर्षं बनत राहिली, त्यामुळे पार्ट्स अजून मिळतात, डुक्करचा एक दिवा फुटला तर शोधत बसशील

बी-२०२ वहिनी: आमच्या सासऱ्यांची पद्मिनी होती, स्टीअरिंगवर गिअर, पुढे सलग सीट, आम्ही तिघं आरामात बसायचो. पण मे महिन्यात हालोलजवळ बंद पडली, फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवून बसलो तेव्हा कुठे चालू झाली

सी-१०१ काका: वेपर लॉक वहिनी, गरमीने पंपातच पेट्रोलची वाफ होते. डुक्करलाही होतं ते, तर पाण्याची बाटली आणि फडकं डिकीत पाहिजेच. पण खरी गोष्ट वेगळी आहे, २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २०,००० फी, व्हीए सिरीजचा नंबर, आणि मग ती रोजच्या वापरात चालवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे तशी नोंदवलीस तर आईला पावागड विसर. ८६ ची ५० ची झालीच नाही, नोंदणी आणि फिटनेस चालू असेल तर बिनधास्त फिरव

ए-३०४: हे माहीतच नव्हतं काका. मग पद्मिनी. बघायला याल ना?

सी-१०१ काका: रविवारी आठला गेटवर ये, चुंबक घेऊन येतो, पत्र्यावर फिरवू, जिथे चिकटणार नाही तिथे गंज काढून पुट्टी भरलीय समज. फ्लोअर आधी बघू, पैशाचं नंतर बोल